वजा शून्य पूर्णांक सहा

रविवार, २४ नोव्हेंबर

ही वही आमच्या प्रयोगशाळेची आहे, जिथे आम्ही मोजमापाची उपकरणं तपासून प्रमाणपत्रं देतो. छपाईत रेघा तिरक्या गेल्या म्हणून बाद झालेली. पानावर चार रकाने आहेत: वेळ, वाचन, दुरुस्त वाचन, शेरा. मला डायरी लिहायची सवय नाही. पण पिल्लाच्या नोंदी ठेवायच्या आहेत आणि शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद आहे, तेव्हा उरलेलं त्यात मावेल.

वस्तुस्थिती अशी. आमच्या प्रयोगशाळेमागच्या गल्लीत गुरुवारी एक कुत्री ट्रकखाली गेली. तिची तीन पिल्लं पंपाच्या खोलीत सापडली. दोन पहारेकऱ्याने नेली. तिसरं शर्मिष्ठाला हवं आहे. शर्मिष्ठा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. चेंबूरला तिच्या घराचा ताबा फेब्रुवारीत मिळणार; तोवर ती पेइंग गेस्ट आहे आणि तिथे कुत्रं चालत नाही.

"दिशा, तू ठेव ना यार. फक्त थंडीपुरता."

मी म्हटलं, तारीख सांग. ती हसली. मी थांबून राहिले, तेव्हा म्हणाली, "बरं बाई, सोळा फेब्रुवारी. सकाळी अकरा वाजता. सही करू का?"

आई दिवाळीपासून नाशिकला आहे, हर्षददादाकडे, नव्या बाळासाठी. ती असती तर हा प्रश्नच आला नसता. आईला घरात कुत्रं चालत नाही. तिला सांगितलेलं नाही.

घरी मी आणि बाबा. आमच्या घरात बोलणं आईमार्फत होतं. एकाच टेबलाशी बसलेले असताना बाबा आईला मालवणीत म्हणतात, "चेडवाक विचार, भात व्हयो काय?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आई मला विचारते, मी आईला उत्तर देते. ती गेल्यापासून आम्ही दोघं दिवसाला साधारण वीस शब्दांत भागवतो. मोजलेले नाहीत, अंदाज आहे.

पिल्लू नर. अंदाजे पाच आठवडे. वजन १.१४ किलो. तपकिरी, डाव्या कानाचं टोक पांढरं. शर्मिष्ठाने नाव ठरवलंय, मोका. मी ते वापरत नाही. आपल्याकडे तात्पुरत्या आलेल्या वस्तूवर आपण खुणा करत नाही.

बाबांनी आईची जुनी वाकळ काढून गॅलरीत उन्हात टाकली.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मुलुंडचे डॉ. केयूर म्हणाले, एवढ्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. थंडीत जपा. म्हणजे तापमान रोज घ्यायला हवं.

घरचं थर्मामीटर तसंच वापरणं मला जमणार नाही. जेवणाच्या सुट्टीत ते प्रयोगशाळेत नेलं आणि आमच्या प्रमाण थर्मामीटरबरोबर एकाच पाण्यात बुडवलं. प्रमाण: ३९.०. घरचं: ३८.४. तीनदा पाहिलं, तेच. फरक वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून चौकट केली.

−०.६

संध्याकाळी पिल्लाचं वाचन ३८.०. दुरुस्त ३७.४. पिल्लाचं साधारण ३८.३ ते ३९.२ असायला हवं. कमी आहे. गरम पाण्याची पिशवी दिली.

थर्मामीटर कुठे लावतात ते लिहिण्याची गरज नाही. पिल्लाला ते आवडत नाही. बाबा दुसरीकडे पाहतात.

शनिवार, ३० नोव्हेंबर

वाचन ३८.१. दुरुस्त ३७.५. कमी.

आज सुट्टी. दुपारी गॅलरीत ऊन आलं होतं. आमची गॅलरी पूर्वेला, सातव्या मजल्यावर. समोर इमारती, त्यांच्या फटीतून मिठागरं दिसतात आणि त्याच्या पलीकडे खाडी. थंडीत दुपारभर त्या बाजूला धुरकं असतं, त्यामुळे मिठागरं जमिनीवर आहेत की थोडी वर, ते सांगता येत नाही. पिल्लू वाकळीवर झोपलं होतं आणि झोपेत धावत होतं. चारही पाय. मिनिटाला साधारण नव्वद. तोंडातून बारीक आवाज, दाराची कडी लांब कुठेतरी वाजावी तसा.

पाच आठवड्यांच्या प्राण्याने अजून धावण्यासारखं काही पाहिलेलंच नाही. मग ते कुठे धावतं?

आईचा फोन आला तेव्हा विचारलं, बाळ झोपेत पाय झाडतं का.

"झाडतं की. हसतंसुद्धा. सटवाई खेळवते गं त्याला झोपेत." मग म्हणाली, "तुला कधीपासून बाळांचं पडलं?"

मी म्हटलं, सहज.

गुरुवार, ५ डिसेंबर

पहिली लस. डॉक्टरांनी त्यांच्या थर्मामीटरने पाहिलं. ३८.६, म्हणाले, एकदम बरोबर.

घरी तासाभराने माझं वाचन ३८.०, दुरुस्त ३७.४. तपासणी न केलेली उपकरणं लोक वर्षानुवर्षं वापरतात.

खोलीची खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून त्यात पिशवी, वर वाकळ, त्यावर पिल्लू, आणि कपाटाचं दार लोटलेलं. बाबांनी एकदा दार उघडून पाहिलं.

"उबेन जीव घुसमटतलो त्याचो."

मी वहीचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले, बोट फिरवत. मग चष्मा काढून ठेवला.

बुधवार, ११ डिसेंबर

वजन १.९ किलो. वाढ चांगली. तापमान तसंच.

आज लवकर घरी आले. दार उघडताना आत कोणीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं. बाबा होते. बोलत होते पिल्लाशी.

बाबा गिरणीत रंगखात्यात होते. मी लहान असताना गिरणी बंद झाली. नंतर त्यांनी एका बँकेबाहेर पहारा केला. गिरणीबद्दल त्यांनी मला कधी काही सांगितलेलं नाही. पिल्लाला सांगत होते.

"आयकतस काय म्हाराजा? हळदी रंगाचा पाणी कोमट व्हया. निळ्याक जास्त. साहेब यंतर लावूचो. आमी कोपर. हात उन्हातान्हात राबान निबर झालेलो आसता, तो खोटा बोलता. कोपर नाय बोलणा. आणि मगे गटारातना पाणी जायचा भायर, आज तांबडा, उद्या निळा. पोरां बघूक उभी ऱ्हवायची, आज कसला म्हणान."

मी चपला काढून दारातच उभी राहिले. किती वेळ ते पाहिलं नाही. खोलीत संध्याकाळ होती आणि ते पाणी लादीवरून माझ्याकडे येत असल्यासारखं वाटलं, आधी तांबडं, मग निळं.

ते त्याला म्हाराजा म्हणतात. आता त्याला दोन नावं आहेत आणि माझं एकही नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

शर्मिष्ठाने केलेलं एक प्रमाणपत्र माझ्याकडे तपासायला आलं. तिने एका ठिकाणी चिन्ह चुकवलं होतं. उपकरण कमी दाखवत असेल तर फरक उणे असतो; पण दुरुस्ती करताना तेवढंच मिळवायचं असतं, वजा नाही. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. लाल शाईने गोल करून मी ते तिच्या टेबलावर ठेवलं.

"यार, चिन्हच तर आहे!"

"चिन्ह चुकलं की चूक जात नाही. दुप्पट होते."

तिने ते दुरुस्त केलं. जेवताना माझ्याशी बोलली नाही. मग डबा बंद करताना विचारलं, "मोका कसाय?"

मी मोबाइलवर वजनाचा आलेख दाखवला. ती म्हणाली, "फोटो नाहीये?"

फोटो नव्हता. घरी येऊन काढला. झोपलेला. पाठवला नाही, हलला होता. पुन्हा काढला. एकूण एकतीस काढले, त्यातला एक बरा आहे.

बुधवार, २५ डिसेंबर

सकाळी पारा सतरावर. मुंबईला ही थंडी. लोकांनी कानटोप्या काढल्या आहेत. खालच्या चहावाल्याकडे रिक्षावाले हात चोळत उभे असतात आणि डोंगराकडून येणारं धुकं आमच्या इमारतीला पाचव्या मजल्यावर कापतं. वरून पाहिलं तर आम्ही खालच्या जगाला जोडलेलेच नाही.

दुरुस्त ३७.५. अजून कमी. त्याच्यासाठी बाळाचा स्वेटर आणला. घातल्यावर ते जागीच उभं राहिलं, पाय न हलवता, स्वेटर म्हणजे शिक्षा असल्यासारखं. बाबा हसले. बाबांच्या हसण्याला आवाज असतो हे मी विसरले होते.

स्वप्न पडलं. नोंदवण्याचं कारण नाही. मिठागरांमध्ये पाण्याचे चौकोन होते, प्रत्येक वेगळ्या रंगाचा, आणि पिल्लू एकातून दुसऱ्यात चालत होतं. प्रत्येक चौकोनातून बाहेर पडताना त्याचा रंग बदलत होता. मी काठावरून वाचनं घेत होते. वही ओली झाली होती, पण मी लिहीत होते.

शुक्रवार, ३ जानेवारी

पिल्लाचे दात शिवशिवतात. बाबांची एक चप्पल, माझी एक, सोफ्याचा कोपरा, प्रयोगशाळेच्या बॅगचा बंद.

आईला विचारलं, दात येताना काय द्यावं. बाळ चपला वगैरे चावतं का.

आई म्हणाली, "गाजर दे. फ्रिजमधलं, थंड."

बाळाला अजून दात नाहीत. गाजर कसं चालेल ते मी विचारलं नाही. पिल्लाला दिलं. चाललं.

शुक्रवार, १० जानेवारी

शर्मिष्ठाला ताबा महिनाभर आधीच मिळाला; राहायला जाणार रंगकाम झाल्यावर, फेब्रुवारीतच. चाव्या घेऊन आली होती, सगळ्यांना पेढे दिले.

"सोळा फेब्रुवारी नक्की ना?" मी विचारलं.

ती पेढ्याचा डबा धरून उभी राहिली. "दिशा, तुला खरंच चालेल ना मी त्याला नेलं तर?"

"ठरलंय तसंच करायचं."

"तसं नाही गं. मी विचारतेय, तुला—"

"हस्तांतरणाची वही तयार करतेय. आहार, लसी, तापमान, सगळं आहे."

"बरं," ती म्हणाली. तिने आणखी काय अपेक्षा केली होती कळलं नाही. वही हा उत्तम पुरावा आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आणि बातमी. वाचन ३९.०. दुरुस्त ३८.४. सात आठवड्यांत प्रथमच मर्यादेत!

म्हणजे कपाट, पिशवी, बंद खिडकी, स्वेटर, सगळं लागू पडलं. मी स्वतः बाबांना तिळगूळ दिला. "गोड बोला," म्हटलं. ते म्हणाले, "तू बोल आधी." आम्ही दोघंही हसलो. नोंद करण्याजोगं आहे.

पिल्लू आज शांत. गॅलरीत कापलेला पतंग येऊन पडला, त्याने मान वर करून पाहिलं आणि परत ठेवली. समजूत येत असावी. तीन महिन्यांचं झालं.

बुधवार, १५ जानेवारी

वाचन ३९.४. दुरुस्त ३८.८. उत्तम. अगदी मध्यावर.

जेवण अर्धं टाकलं. झोप जास्त. वाढीच्या काळात असतं.

बाबा म्हणाले, "दिशा, तो तापलो हा गो."

त्यांनी मला नावाने हाक मारली. मी पान दाखवलं.

गुरुवार, १६ जानेवारी

वाचन ३९.६, दुरुस्त ३९.०. मर्यादेत. जेवला नाही. बारीक खोकला.

सकाळी निघताना बाबा वाटेत उभे राहिले. पिल्लू त्यांच्या काखेत होतं.

"कोपर लाव. पोटाक लाव, बघ."

"बाबा, एकोणचाळीस आहे. एकोणचाळीस म्हणजे बरोबर."

"तुझा एकोणचाळीस तुझ्याकडे ऱ्हवांदे. माका चाळीसच्या वर लागता."

"कोपराने कळतं तुम्हाला चाळीस की एकोणचाळीस?"

"तीस वर्सां कळला."

"त्यानंतर पंचवीस वर्षं झाली, बाबा."

ते बाजूला झाले. मी कामावर गेले. हे वाक्य मी बोलायला नको होतं. पण आकडा आकडा असतो.

शुक्रवार, १७ जानेवारी

क्रमाने लिहिते.

सकाळचं वाचन ३९.७. दुरुस्त ३९.१. साडेआठला मी निघाले.

साडेअकराला डॉ. केयूर यांचा फोन. बाबा पिल्लाला वाकळीत गुंडाळून रिक्षाने मुलुंडला घेऊन गेले होते. एकटे. मला न सांगता. ते गिरणी सुटल्यापासून आईशिवाय कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नाहीत.

"ताप चाळीस पूर्णांक तीन. छाती भरलीये."

मी विचारलं, "तुमचं थर्मामीटर कधी तपासलंय?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "दिशाबेन, पिल्लाला श्वास घेता येत नाहीये. तुम्ही या."

फोन ठेवला. वही बॅगेत होती. मुखपृष्ठ उघडलं. चौकटीत माझ्या अक्षरात −०.६.

३९.७ अधिक ०.६. चाळीस पूर्णांक तीन.

मी फरक लिहिला होता आणि दुरुस्ती म्हणून वापरला होता. थर्मामीटर कमी दाखवत होतं आणि मी त्यातून आणखी कमी केलं. बावन्न दिवस, रोज. पिल्लू पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. मी त्याला कपाटात कोंडून शेकत होते. आणि तापायला लागलं तेव्हा मी तिळगूळ वाटला.

शर्मिष्ठा शेजारी बसली होती. "काय झालं गं?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, लवकर जाते.

दवाखान्यात पिल्लू स्टीलच्या टेबलावर, पायाला सुई, सलाइन. डोळे अर्धवट. बाबा बाकावर बसले होते, त्यांच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत वर केलेली. डॉक्टरांनी विचारलं, "बंद जागेत ठेवला होता का? हवाच मिळाली नाही याला. तुमच्या बाबांनी आज आणला म्हणून बरं. दोन दिवस कठीण आहेत."

मी काही बोलले नाही.

शनिवार, १८ जानेवारी

पहाटे उठले तर बाबांनी अंघोळ केलेली होती. गॅलरीत उभे. हातात नारळ. बाहेर सगळं धुकं. मिठागरं नाहीत, इमारती नाहीत, फक्त खाली कुठेतरी दूधवाल्याच्या कॅनचा आवाज.

मला कळलं ते काय करणार आहेत. गाऱ्हाणं. गावी राखणदार देवाच्या थानावर वर्षातून एकदा घालतात: एक जाणता उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो काय हवंय ते. प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे म्हणतात, होय म्हाराजा. चाळीत असताना हे काम बाबांचं होतं. मी सात-आठ वर्षांची असेन, गर्दीत आईचा पदर धरून ओरडायचे.

"बा देवा राखणदारा म्हाराजा," बाबा म्हणाले. माझ्याकडे पाठ होती. आवाज मला माहीत असलेला नव्हता, रुंद, उघडा. "तू थंय गावाक, आमी हंय सातव्या माळ्यार. तरीपण तुझा लक्ष आसता."

ते थांबले. थांबूनच राहिले. कोणीतरी म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य येत नसतं. घरात मी एकटीच होते.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"एक मुका लेकरू तापान फणफणता हा. त्याच्या वाटेत काय आडवा इला आसात तर बाजूक कर."

"होय म्हाराजा."

"माझ्या चेडवाच्या हातून काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल."

मी त्यांना चिन्हाबद्दल सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नाही.

"होय म्हाराजा," मी म्हटलं. आवाज कमी पडला. त्यांनी मान किंचित वळवली. मी पुन्हा म्हटलं.

"त्या लेकराक परत चार पायांर उभा कर रे म्हाराजा."

नारळ गॅलरीच्या कठड्याखालच्या पाट्यावर एका फटक्यात फुटला. पाणी लादीवरून माझ्या पायापर्यंत आलं. थंड होतं.

मग चहा करताना मी त्यांना सगळं सांगितलं. फरक, दुरुस्ती, चिन्ह, कागदावर काढून. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"होता," म्हणाले. "मी एकदा अख्खो तागो हिरवो केलंय. पिवळो करूचो होतो."

"मग?"

"मगे काय. हिरवो म्हणान विकलो." चहा ओतला. "पण तू काल काय बोललंस नाय दवाखान्यात. गप बसलंस. असा नाय करूचा. गाऱ्हाणा म्हणजे काय? तोंडान मागूचा लागता. मनातला देवाकपण कळणा नाय."

गुरुवार, २३ जानेवारी

तापमान ३८.७. वाचन ३८.१ अधिक ०.६.

काल घरी आणला. दारात उतरवल्यावर तीन पावलं चालला आणि बसला. परत उठला. चार पायांवर. बाबा "म्हाराजा" म्हणाले, त्याने शेपूट हलवली, एकदा.

खिडकी उघडी. कपाटात माझे कपडे परत ठेवले.

रविवार, २ फेब्रुवारी

दुपार. खाडीकडे रोहित पक्षी आले आहेत. इतक्या लांबून पक्षी दिसत नाहीत, फक्त पाण्याच्या कडेला एक गुलाबी रेघ, जी अधूनमधून जागा बदलते. बाबा, पिल्लू आणि मी वाकळीवर. कुणीच बोललं नाही, पण आता ते पूर्वीसारखं न बोलणं नाही. फरक मोजता येणार नाही.

पिल्लू झोपेत धावत होतं. मी त्याच्या पोटाला कोपर लावलं. मला अजून काही कळत नाही. ऊब आहे एवढंच कळतं. बाबा म्हणाले, "सवय व्हयी. दोन-तीन वर्सां."

चौदा दिवस उरलेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आई आली. दारात पिल्लू तिच्या पायावर चढलं. मी खुलासा तयार ठेवला होता: तात्पुरता आहे, उद्या अकराला जाणार.

आईने बॅगेतून एक दुपटं काढलं, बाळाचं, निळ्या फुलांचं, आखूड झालेलं. चारी बाजूंनी नवीन शिवण घातलेली.

"हे त्याला. वाकळ माझ्या सासूची आहे, ती आता परत दे."

"तुला माहीत होतं?"

"दोन महिन्यांचं बाळ चपला चावतं का, असं विचारणारी आत्या मी पहिल्यांदाच बघितली." मग बाबांकडे वळून, "आणि तुम्ही? तुम्ही फोनवर स्वतःहून बोलायला लागलात तेव्हाच म्हटलं, घरात कायतरी शिरलंय."

"पण तुला कुत्रं चालत नाही."

"नाहीच चालत," आई म्हणाली. पिल्लू तिच्या साडीचा काठ चावत होतं. तिने तो सोडवला, आणि थोड्या वेळाने परत चावू दिला.

मी म्हटलं, उद्या जाणार आहे तो. ठरलंय. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

हस्तांतरणाची वही पूर्ण. चौदा पानं. शेवटच्या पानावर 'नाव' असा रकाना मी कधी आखला आठवत नाही. रिकामा आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

अकराला पाच मिनिटं कमी असताना शर्मिष्ठा आली. नवा पट्टा, आणि गोल मऊ बिछाना, दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. पिल्लू तिला ओळखत नव्हतं. माझ्या मागे येऊन बसलं.

मी वही दिली. तिने पान उलटलं, मग आणखी एक. "हे काय, सतरा जानेवारीनंतर सगळ्या चिन्हांचं काय झालं?"

"त्याआधीची चुकलेली आहेत. माझी चूक. तुझ्या प्रमाणपत्रात होती तीच. त्यात तो जवळजवळ गेला होता. तुला सांगायला हवं होतं. लाल गोल करून दिला होता ना मी तुला, म्हणून सांगता आलं नाही."

ती वही मिटून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, एवढं पुरे. नोंद पूर्ण झाली, आता पट्टा लावायचा. तिने पट्ट्याची कडी उघडलीसुद्धा.

मी उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून गाऱ्हाणं घालताना बाबा धरतात तसे समोर धरले.

"शर्मिष्ठा," मी म्हटलं, "ठरलंय तसं मला करायचं नाहीये. मी शब्द दिलाय, तो मोडतेय. तुझा हक्क आहे, तू नाही म्हणालीस तर मी आत्ता पट्टा लावून देईन. पण मला तो हवाय. मला द्या."

‘द्या’ म्हणाले, ती एकटीच समोर असताना. मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, बाबांचा आवाज आला. मोठा नव्हता.

"होय म्हाराजा."

पिल्लाने कान उभे केले, तपकिरी आणि पांढऱ्या टोकाचा, उठलं, आणि बाबांकडे न जाता माझ्या पायावर येऊन बसलं.

शर्मिष्ठा म्हणाली, "तीन महिने विचारतेय तुला. तीन महिने! दर वेळी काय, तर वजनाचा आलेख." तिचे डोळे भरले होते, रागाने की कशाने, मला ठरवता आलं नाही. "मी घर घेतलं तेव्हा कुत्र्यासाठी म्हणून गॅलरी बघून घेतली, माहितीये? तू दिवाळीआधीच का नाही बोललीस?"

"दिवाळीआधी तो नव्हता."

ती हसली. मग थोडं रडली. आईने तिला पाणी दिलं आणि पोह्यांची बशी हातात ठेवली. तिने खाल्ले. जाताना म्हणाली, "रविवारी मी येणार. दर रविवारी. आणि तो बिछाना काय मी परत जिन्यातून नेत नाही, सांगून ठेवते."

पट्टा दाराच्या खिळ्याला अडकवला. पिल्लू बिछान्यावर गेलं नाही. दुपटं ओढत उन्हात नेलं आणि त्यावर झोपलं. आता दुपार आहे. गुलाबी रेघ आज दिसत नाही, धुरकंही नाही. मिठागरं जमिनीवर आहेत.

तापमान घेतलं नाही. कोपर लावलं. ठीक असावं.

नाव: म्हाराजा.